पूर्वजांचा माग काढताना: आडनाव नंतर, आधी गाव

रुमालगाठ (धागाकर्ता)

‘आमचं आडनाव मूळचं कुठलं?’ हा प्रश्न वरचेवर येतो आणि उत्तरांत दंतकथाच जास्त जमतात. हा धागा फक्त कागदांसाठी ठेवूया: कोणता कागद, कुठे मिळतो, कसा वाचायचा.

पहिली गोष्ट, आडनाव ही सगळ्यात कच्ची खूण आहे. एकोणिसाव्या शतकातल्या गावदप्तरात कितीतरी माणसं ‘धोंडी बिन रामा, कुणबी, मौजे अमुक’ एवढ्यावरच ओळखली जातात. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम किंवा भ्रतार आलं तर अमक्याची बायको. त्यामुळे आडनाव हातात धरून दप्तर उघडलं की काहीच सापडत नाही. गाव आणि बापलेकांची जोडी धरली तर सापडतं.

घराबाहेर पडण्यापूर्वी एवढं लिहून काढा: मूळ गाव (जुन्या तालुक्यासह, कारण वडगाव आणि पिंपळगाव प्रत्येक जिल्ह्यात आहेत), निदान तीन पिढ्यांची नावं, कुलदैवत, गोत्र किंवा देवक, घरात कुठलं वतन किंवा बलुतं होतं का, आणि गावी जमीन असेल तर तिचा गट नंबर. ज्या घरांत पक्षपंधरवड्यात श्राद्ध होतं तिथे पितरांची यादी असतेच. तिच्यात वडील-आजोबा-पणजोबा, आई-आजी-पणजी आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्या मिळतात. बहुतेक घरांत ही यादी देव्हाऱ्याच्या कप्प्यात पडून असते आणि कुणी तिला कागद समजत नाही.

यानंतर सातबारा नाही, फेरफार. सातबारा आजची स्थिती सांगतो, पिढ्या सांगतो तो गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांची (हक्क बदलल्याच्या नोंदींची) वही. जुन्या वारसनोंदीचा मजकूर साधारण असा असतो (नमुना म्हणून लिहितोय):

‘खातेदार रामा बिन सखाराम हा सुमारे २ वर्षांपूर्वी मयत. त्यास वारस मुलगे १) धोंडी व. २२ २) तुका व. ९ अ.पा.क. आई सरस्वती कोम रामा. सबब वर्दीवरून नोंद केली.’

या चार ओळींतून किती निघतं बघा. सखाराम ही एक पिढी वर मिळाली. रामाचा मृत्यू नोंदीच्या तारखेला झालेला नाही, दोनेक वर्षं आधीचा आहे. वंशावळीत नोंदीचीच तारीख मृत्यूची म्हणून उतरते, ती चूक सर्रास दिसते. वयांवरून दोघा मुलांची जन्मवर्षं अंदाजाने आली. आणि अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून आईचं नाव आलं. तुका सज्ञान असता तर बहुधा आलं नसतं. आडनाव कुठेच नाही, हेही लक्षात घ्या.

सजा_कोतवाली

रुमालगाठ यांनी फेरफारावर बोट ठेवलं ते योग्यच. प्रत्यक्ष काढताना कुठे अडतं ते सांगतो.

आज तुमच्याकडे गट नंबर असतो, पण जुनी नोंद सर्व्हे नंबरवर असते. तुकडेजोड-एकत्रीकरण योजना १९४७च्या कायद्याने आली आणि ती गावाला लागू झाली की नंबर बदलले. जुन्या-नव्याची सांगड घालायला ९(३), ९(४) चा उतारा मागा. तो तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळतो, तलाठ्याकडे नाही. सर्व्हे नंबर हाती आल्यावर तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफारांची नक्कल मागायची. कोर्ट फी स्टँप लावलेल्या अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक हवा. ‘आमच्या आजोबांचे सर्व कागद’ असा अर्ज केलात तर तो परत येणार, कारण बस्ते नावावर नाही, गावावर बांधलेले असतात. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. तो फेरफार काढला की त्यात आधीचा संदर्भ मिळतो, मग त्याच्या आधीचा. असं मागे मागे जायचं.

काही जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार, क पत्रकं ‘आपले अभिलेख’वर स्कॅन होऊन आली आहेत. तिथे गाव सापडलं नाही तर तालुक्याचं नाव बदलून बघा, नवे तालुके झाल्यावर गावं इकडची तिकडे गेली.

दोन ठिकाणी माग तुटतो. पहिलं, ‘ए.कु.पु.’ किंवा ‘ए.कु.मॅ.’ हा शेरा. एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि धाकटे त्याच्यामागे झाकले जातात. तुमचे पणजोबा धाकटे असतील तर वाटपाच्या फेरफारापर्यंत ते कागदावर दिसणारच नाहीत. चुलत पणजोबांच्या नावाने शोधा. दुसरं, कुळकायदा. १ एप्रिल १९५७ला कूळ मालक झालं आणि मूळ मालकाचं नाव पुढे उतरलंच नाही. तिथे ३२ग ची (कुळाने द्यायची किंमत ठरवण्याची) चौकशी बघायची, त्या कागदांत जमीनमालकाचा आणि त्याच्या वारसांचा पत्ता मिळू शकतो. गाव सोडून मुंबईला किंवा बडोद्याला गेलेल्यांचा ठावठिकाणा अशा कागदांतच सापडतो.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात बाळाचं नाव शोधू नका. वर्दी दिली जायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं, म्हणून नोंद ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच, पुढे बापाचं नाव, जात, तारीख. आजोबांचं नाव त्यात नाही म्हणून नोंदच नाही असं समजू नका, पणजोबांच्या नावाने पानं चाळा. आणि घरात सांगितलेल्या वर्षाच्या आधीची पाच, नंतरची पाच वर्षं तरी बघा. शाळेत नाव घालताना वय आपल्या सोयीने सांगितलेलं असतं.

गोदाकाठ

मराठवाड्यातलं गाव असेल तर? आजोबांच्या काळचे कागद उर्दूत आहेत आणि तारखेत ‘१३४२ फ., माहे बहमन’ असं आहे.

सजा_कोतवाली

ही हैदराबाद संस्थानाची फसली (महसुली वर्षगणना) आहे, महिने इराणी: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूरने सुरू होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे तुमचा बहमन १३४२ डिसेंबर १९३२ ते जानेवारी १९३३ मध्ये पडतो. पेशवाईतल्या फसलीचं वर्ष मात्र मृगापासून सुरू होतं. दोन्हींत गल्लत केली तर सालात घोळ होतो आणि बाप-मुलाच्या तारखा उलटसुलट होतात.

उर्दू वाचून घेताना आडनाव एकाच रूपात मागू नका. ‘ळ’ तिथे नाही. काफ आणि गाफमध्ये एका रेघेचा फरक, आणि घाईच्या लिखाणात ती रेघ सुटते. म्हणून काळे हे काले किंवा गाले होऊन बसतं. नुक्ते (ठिपके) गाळले की बापू आणि बाबू सारखेच. वाचणाऱ्याला गावचं नाव आणि बापाचं नाव आधी सांगा, म्हणजे त्याला अक्षर लावता येतं.

मराठवाड्यात १९५४च्या सुमाराचं खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक तहसीलला मागा. संस्थानी दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. विदर्भात नावं पुन्हा वेगळी. तिथे १९५४-५५चा अधिकार अभिलेख आणि त्याच्या आधीची मिसल बंदोबस्त मागायची. नागपूरला जाऊन क पत्रक मागितलं तर समोरच्याला कळणार नाही.

अंजनवेल

आमच्याकडे सगळे कुलकर्णी लावतात, पण आजी म्हणायची की खरं आडनाव वेगळं आहे. अशा वेळी कुठलं धरायचं?

रुमालगाठ

ताई, दोन्ही खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख, जोशी, चौगुले ही वतनं. एका गावचे कुलकर्णी दुसऱ्या गावच्या कुलकर्ण्यांचे कुणीच लागत नाहीत. वतनाच्या मागे घराण्याचं उपनाम असतं, जसं कारीचे जेधे हे देशमुख. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, फडणिशी हा हुद्दा. पेशव्यांचं स्वतःचं आडनाव भट. तुमच्या आजींनी सांगितलेलं नाव म्हणजे बहुधा हेच उपनाम, आणि जुन्या कागदात शोधायला तेच उपयोगी.

धंद्यावरून आडनाव बदलल्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण जोतीराव फुल्यांचं. घराणं मूळ गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. तिथून पुरंदरात खानवडी, मग पुणे, आणि पेशव्यांकडे फुलं पुरवण्याच्या कामावरून फुले. कटगुणच्या जुन्या कागदात ‘फुले’ शोधत बसलं तर जन्मभर सापडणार नाही. पुण्यातला कागद फुले, गावचा कागद गोऱ्हे, आणि दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे बाप-आज्यांची नावं.

शाळेतही आडनावं पक्की झाली. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगडजवळचं आंबडवे. साताऱ्याच्या ज्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात तिच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. म्हणून शाळेचं जनरल रजिस्टर कधी सोडू नये. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा, जवळच्या केंद्रशाळेत ठेवलेलं असू शकतं.

‘-कर’बद्दल एक. होळचे ते होळकर, हे बरोबर, पण होळमध्ये राहणाऱ्या सगळ्यांनाच तिथे होळकर म्हणून काय ओळख पटणार? असं आडनाव गाव सोडल्यावर, नव्या ठिकाणी चिकटतं. तेव्हा -करवाल्यांनी पहिला कागद पोचलेल्या गावात शोधावा. मूळ गावात त्या नावाने काही मिळायची शक्यता कमी.

पायरीचा_आंबा

मला ९६ कुळांची यादी मिळाली आहे. तीत आडनाव, कूळ, देवक सगळं आहे. ती धरून वर जाता येईल का?

रुमालगाठ

वर जाण्यासाठी नाही. अशा याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या सोयरिकीसाठी आहेत, तुमच्या माणसाचा बाप कोण हे त्या सांगत नाहीत. गोत्राचंही तसंच, एकाच गोत्राची घराणी शेकड्यांनी आहेत. देवक आणि कुलदैवत हे पडताळ्याला वापरा: एकाच आडनावाची, एकाच गावची दोन घरं भाऊबंद आहेत का हे ठरवताना दोन्हींचं देवक वेगळं निघालं तर थांबून विचार करा.

मांडवीतीर

गोव्याच्या घराण्यांना मात्र कुलदैवत फार पुढे नेतं. सोळाव्या शतकात साष्टी, बार्देश, तिसवाडीतली देवळं पाडली गेली तेव्हा देव नदीपलीकडे, आजच्या फोंडा तालुक्यात हलवले. देवाचं मूळ स्थान माहीत असलं की घराण्याच्या मूळ गावाचा अंदाज येतो. मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे कुठ्ठाळीहून, प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. म्हणून वेर्णेकर, लोटलीकर ही आडनावं रत्नागिरीत, बेळगावात, मुंबईत दिसली तरी माग साष्टीकडेच जातो. कुठ्ठाळी, केळशी, वेर्णे, लोटली हा सगळा साष्टीचाच मुलूख.

देवाचं नवं ठिकाणही आडनाव देतं. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर लावलं, ते हलवल्यानंतरच्या गावचं नाव. तेव्हा आडनावातलं गाव हे मूळ स्थान की नंतरचं, हे तपासा.

कागद असे: देवस्थानाची महाजनांची नोंदवही, गावच्या कोमुनिदादीची (गावकाऱ्यांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) दप्तरं, आणि पणजीचं पुराभिलेखागार. लिखाण पोर्तुगीज, पण नावं ओळखता येतात, फक्त स्पेलिंग कानाला लागेल तसं. शेणै, शेणवी, सिनाय एकच. कामत आणि कामती एकच. ख्रिस्ती झालेल्या घरांत बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव लागलं, म्हणून दोन डिसोझा घरं नात्यातली असतीलच असं नाही. तिथे चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या, आणि गावकारीतला वांगड म्हणजे शाखा, यावरून जायचं.

अंजनवेल

पेशवे दप्तरात सामान्य घराण्याचं काही मिळतं का? की फक्त सरदारांचं?

रुमालगाठ

मिळतं, वतन किंवा इनाम असेल तर बरंच. पुणे पुरालेखागारात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. विभागवार मांडणी आहे: शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, जमाव वगैरे. गावच्या हिशेबासाठी प्रांत अजमास, माणसं-घराणी यांसाठी जमाव आधी बघा. ओळखपत्र आणि संशोधनाचा विषय लिहून अर्ज करायचा, सूची बघून रुमाल मागायचा. विषय ‘अमुक गाव, अमुक वतन’ असा लिहा.

सगळ्यात मोलाचे कागद इनाम कमिशनचे. १८५२च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी झाली, तेव्हा प्रत्येकाला हक्क सिद्ध करायला कैफियत (लेखी निवेदन) द्यावी लागली. कैफियतीत ‘मूळ पुरुष अमुक, त्यास पुत्र तीन’ असा वंश लिहिलेला असतो. हक्क टिकवण्यासाठी दिलेली असल्याने ती जपून वाचा. दत्तक झाकलेला असू शकतो, आणि भांडणातल्या भाऊबंदाची शाखा गाळलेली असू शकते. त्याच वतनावर प्रतिपक्षाची कैफियत असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. जुने महजर (गोतसभेच्या निवाड्याचे कागद) मिळाले तर त्यावर गोताची नावं आणि निशाण्या असतात, पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. ज्यांच्या घरी लिहितं कुणी नव्हतं अशा शेतकऱ्या-बलुतेदारांचं नाव सतराव्या-अठराव्या शतकात कागदावर येण्याची ही जवळजवळ एकमेव जागा.

तारीख उलगडण्याचं एक उदाहरण: ‘छ २७ जमादिलावल, सु॥ अर्बा सबैन मया व अलफ’. छ म्हणजे चंद्र, पुढचा आकडा हिजरी महिन्याचा दिवस. सु॥ म्हणजे शुहूर सन, मराठी दप्तरांतली अरबी आकड्यांची वर्षगणना. अर्बा ४, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, मिळून ११७४. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११७४ म्हणजे जून १७७३ ते जून १७७४. त्यातला जमादिलावल जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणून हा कागद ऑगस्ट १७७३चा. घोटाळा होतो तो सबा (७) आणि सबैन (७०), सित (६) आणि सितैन (६०) यांत. एक ‘ऐन’ सुटला की सगळं सालच बिघडतं. शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा. राज्यशक (शिवराज्याभिषेकापासूनचा शक) असेल तर १६७३ किंवा १६७४.

मोडी स्वतः शिकाच. ओळ आधी आखून तिच्यावर अक्षरं लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. नवशिक्याला अख्खं पान वाचता येत नाही, पण ‘बिन’, ‘मौजे’, ‘कसबे’, ‘साल’ एवढे शब्द डोळ्यांत बसले की नावं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे कळतं. बाकी वाचन जाणकाराकडून करून घ्या, पण नावं स्वतः पडताळा.

पायरीचा_आंबा

जमीन नाही, वतन नाही, अशांनी काय करायचं?

सजा_कोतवाली

त्र्यंबक, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. त्या गाव, जात, आडनाव यांवर लावलेल्या असतात, म्हणून आधी ‘अमुक गावचे यात्रेकरू कोणाकडे?’ हे विचारायचं. लेख यात्रेकरूच्या नावाने असतो: मी, भाऊ, मुलं, बाप, आजा. पणजोबा कधी यात्रेला गेले हे माहीत नसलं तरी चालतं. वहीत आपलं नाव लिहून आल्याशिवाय निघू नका, पुढच्यांना उपयोग होतो.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या भागात हेळवी येतात. त्यांच्याकडे घराण्यांची वंशावळ पाठ असते आणि वहीतही असते. त्यांच्याकडे मूळ गाव, स्थलांतर, शाखा फुटणं हे चांगलं मिळतं. साल मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, ते कागदावरूनच ठरवा.

गोदाकाठ

पणजीचं माहेरचं नाव हवं असेल तर?

मांडवीतीर

सर्वांत अवघड हेच. लग्नात नाव बदललं जायचं, म्हणून सासरच्या कागदात ती नव्याच नावाने येते. वतनी वंशावळीत तर पुरुषच. माग काढायचा तो तिच्या भावांकडून: मुलगा लहान असताना मामा पालनकर्ता म्हणून कुठल्या अर्जावर आहे का, दत्तकपत्रावर किंवा खरेदीखतावर साक्षीदार म्हणून दुसऱ्या गावचा कुणी पुन्हा पुन्हा येतो का. तो माणूस बऱ्याचदा सोयरा निघतो. श्राद्धाच्या यादीत मातामह असतात, ते पणजीच्या मुलाच्या हातची यादी सापडली तरच कामाचे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर माहेरच्या फेरफारात मुलींची नावं वारस म्हणून येतात, आणि हक्कसोडपत्रात सासरचं-माहेरचं दोन्ही मिळतं.

मोका_रोड

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांसाठी थोडं. मुंबई बंदरातून आलेल्या गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असे. जहाज, वय, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा असं लिहिलेलं आहे. पुढच्या पिढ्यांना आडनाव म्हणून लागलं ते बऱ्याचदा आलेल्या माणसाचं पहिलंच नाव. म्हणून भारतात ते आडनाव शोधून काही हाती लागत नाही. क्रमांक शोधा, गाव काढा. गावाचं स्पेलिंग इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाच्या कानावर होतं, तेव्हा मोठ्याने वाचून रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या गावयादीशी ताडा.

अंजनवेल

शेवटचा प्रश्न. आमच्या वंशावळीत ‘गोविंद रामचंद्र’ तीनदा येतो. कोण कुठला हे कसं ठरवायचं?

रुमालगाठ

आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे असं होतं. दोन नावांवर कुणालाही ओळखू नका, तिसरं नाव मिळेपर्यंत थांबा: गोविंद बिन रामचंद्र बिन कोण? तेही एक पिढी सोडून जुळत असेल तर भावांची नावं बघा, दोन्ही पिढ्यांत ती सगळी सारखी नसतात. प्रत्येक कागदाचं साल माणसापुढे लिहा. पिढीला २५ ते ३० वर्षं धरून हिशेब करा. एकच गोविंद १७९०च्या कागदात कर्ता आणि १८६०च्या कैफियतीतही कर्ता दिसला तर ती दोन माणसं आहेत आणि मधली पिढी गळली आहे. घरच्या नावाचाही उपयोग होतो. कागदात ‘गोविंद ऊर्फ बाबा’ असं असेल तर ते ऊर्फ गाळू नका, त्यावरूनच पुढचा-मागचा वेगळा काढता येतो. आणि जे नाव एकाच कागदावर आहे ते पेन्सिलीने लिहा, दुसरा स्वतंत्र कागद मिळाला की शाईने.